आजाच्या विहिरीचं कुलूप

सिंदी मेघे, वर्धा
१२ जानेवारी २०२५

वहिनी,

जयभीम.

पत्र लिहायची सवय सुटून वीस वर्षं झाली. पण तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात आणि दादाचा फोनही स्वतःच्या ताब्यात ठेवलात, तेव्हा दुसरा मार्ग उरला नाही. तुमच्या शेजारचे बंडूजी दर आठवड्याला कामानं वर्ध्याला येतात, त्यांच्या हाती हे देतेय. उत्तरही त्यांच्याच हाती द्या. कागद बरा असतो. नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही.

डिसेंबरात दादा माझ्याकडे बारा दिवस होता. दोन वर्षं झाली, माझ्या भावाला कशाचीच गोडी उरलेली नाही. सण नको, माणसं नकोत, लेकीचा फोन आला तरी 'हं हं' करून ठेवून देतो. तुम्ही त्याला सोडायला आलात, त्याच दिवशी मी तुम्हा दोघांना इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास, दम लागेल आणि घाम येईल असा व्यायाम हवा. गेलेली गोडी परत यायला गोळीइतकाच तो कामाचा आहे. हे त्या तुमच्यासमोर बोलल्या. तुम्ही मान हलवलीत. तेराव्या दिवशी 'बगिच्यात कामं पडलीत' म्हणून त्याला आष्टीला घेऊन गेलात.

काल बंडूजींनी सांगितलं की दादा उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत संत्र्याच्या झाडांची आळी खणतोय. हे खरं आहे का? मी शाळेत व्यायाम शिकवते, सतरा वर्षं झाली. कष्ट कुठले आणि व्यायाम कुठला, एवढं मला कळतं. आजारी माणसाला तुम्ही सालगडी करून टाकलंत. मला उत्तर पाहिजे.

सरिता


आष्टी
१९ जानेवारी २०२५

सरिता मॅडम,

जयभीम. हो, खरं आहे. खणताहेत.

दम लागला पाहिजे, घाम आला पाहिजे, असंच सांगितलं होतं ना तुझ्या डॉक्टरीणबाईंनी? मग येतोय घाम. आमच्याकडे त्यासाठी पांढरे बूट घालून मैदानाला चकरा माराव्या लागत नाहीत. तुझ्याकडे त्या बारा दिवसांत ते काय करत होते, मला माहीत आहे. संध्याकाळी आठवीच्या पोरांमागे तुझ्या शिट्टीवर पळत होते. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस! पोरं हसत होती, हे तू सांगितलं नाहीस, त्यांनीच सांगितलं. शिट्टी वाजवून दुःख पळालं असतं तर सगळ्या ट्रॅफिक पोलिसांच्या घरी आनंदीआनंद असता.

नंबर का ब्लॉक केला विचारतेस? तुझा फोन आला की तू त्यांना 'आज किती चाललास, काही वाटलं का, थोडं तरी बरं वाटलं का' असं विचारून हैराण करायचीस. फोन ठेवला की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांच्याजवळ उत्तर नसतं आणि तुला उत्तर हवं असतं.

लोक तर वेगळेच. ज्याला त्याला एकच ठाऊक. परवा दळणाच्या चक्कीवर एक बाई सगळ्यांसमोर विचारते, "काय व, कर्ज किती आहे तुह्या माणसाले?" मी म्हटलं, एक रुपया नाही. तर तिला पटेना. या भागात शेतकरी गप्प बसला की लोक बँकेचं नाव विचारतात. बगिचा चांगला आहे, लेक मयुरी नागपूरला शिकतेय, डोक्यावर काही नाही, तरी माणूस आतून विझला, हे मी कुणाकुणाला समजावून सांगू?

ते कामाला नाही म्हणत नाहीत. दिवसाला चाळीस झाडं होतात. पुढे ठेवलं ते खातात. गोळ्या मी माझ्या हातानं देते. परवा तर एक ओळ संपवून पुन्हा पहिल्या झाडापासून तीच ओळ खणायला लागले, मीच थांबवलं. इतकं मन लावून काम करणारा माणूस तुला आजारी दिसतो, तर दिसू दे.

सुलोचना


सिंदी मेघे
२७ जानेवारी २०२५

वहिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खणलेली ओळ तो पुन्हा खणत होता आणि तुम्ही त्याला मन लावून काम करणं म्हणता! ज्याला खणलंय की नाही याची जाणीव नाही, त्याचं मन कुठे आहे? मी ते वाक्य तसंच डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या की शेतकऱ्यांच्या घरी ही चूक त्या नेहमी बघतात. व्यायाम सांगितला की घरचे काम वाढवतात. कष्ट त्यानं तीस वर्षं केलेच आहेत, कष्टानं गोडी गेली नाही आणि येणारही नाही. जे शरीरानं कधीकाळी हौसेनं केलं, ज्याचा कुणाला काही उपयोग नव्हता, असं काहीतरी शोधा, असं त्यांनी सांगितलं.

मला शोधावं लागलं नाही. दादाला पोहणं आवडायचं.

तुम्ही पुलगावच्या, तुमचे बाबा गिरणीत. तुम्हाला विहीर म्हणजे पंप बसवायची जागा. आमच्यासाठी ती तेवढीच नव्हती. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते, तेव्हा दीक्षा घेऊन आल्यावर दोन वर्षांनी आजानं ती विहीर स्वतःच्या हातानं खणायला घेतली. पाणी लागल्यावर त्यानं घरात कायदाच केला, की शाळेत नाव घालायच्या आधी प्रत्येक लेकरानं, पोरगी असो की पोरगा, तिच्यात पोहायला शिकलं पाहिजे. ज्या पाण्याला हात लावू देत नव्हते, त्यात माझी नातवंडं डुंबतील, असं तो सगळ्यांना ऐकवायचा. मीही फ्रॉकवर उड्या मारल्या आहेत. आणि दादा तर तळाशी जाऊन मूठभर गाळ घेऊन यायचा, आम्ही काठावर आकडे मोजायचो. त्याच्याइतका वेळ पाण्याखाली कुणी राहत नसे.

रोज पाऊण तास त्याला विहिरीत पोहू द्या. फावडं काढून घ्या. तुमचा बगिचा खणायला मी इथून माणूस पाठवते, ती काळजी करू नका.

सरिता


आष्टी
५ फेब्रुवारी २०२५

सरिता,

विहिरीत पोहणं जमणार नाही. वर लोखंडी जाळी टाकली आहे. सप्टेंबरात वासरू पडता पडता वाचलं, तेव्हाच बसवून घेतली. आत पंप आहे, वायरी आहेत, पाणी हिरवं झालंय.

व्यायामच पाहिजे तर मी त्यांना सकाळी मोर्शीच्या रस्त्यानं चालायला पाठवते, बंडूजी सोबत जातील. फावडंही काढून घेतलंय. पण विहिरीचं नाव पुन्हा काढू नकोस.

तुझा माणूस पाठवायची गरज नाही. आमचे हात शाबूत आहेत.

सुलोचना


सिंदी मेघे
१७ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

काल मी न सांगता आले आणि आपलं जे भांडण झालं ते रस्त्यावरच्या माणसांनीही ऐकलं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

जाळी म्हणालात. मला वाटलं वासरासाठी टाकतात तशी साधी जाळी असेल. तुम्ही तर बोटाएवढ्या सळ्यांची जाळी चारी बाजूंनी सिमेंटात बसवलीय, तिला झाकण केलंय आणि झाकणाला कुलूप! एवढं मोठं कुलूप तर तुमच्या घरालाही नाही. किल्ली मागितली तर तुम्ही ती पोलक्यात सरकवलीत आणि म्हणालात, हात लावून दाखव. दादा चार पावलांवर उभा होता. चप्पल घातली आणि घराकडे गेला.

वासराची गोष्ट खोटी आहे हे मी बंडूजींना विचारून घेतलं. तुमच्याकडे सप्टेंबरात वासरूच नव्हतं. मग कशासाठी? सासरच्या माणसांची एक गोष्ट सुखानं ठेवायची नाही, एवढंच मला यात दिसतं. 'हात लावू नका' हे ऐकायला लागू नये म्हणून माझ्या आजानं जी विहीर खणली, तिच्यावर त्याच्याच नातसुनेनं कुलूप लावलं. आज तो असता तर त्यानं तुम्हाला घरात घेतलं नसतं.

सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. रविवारी, दोन मार्चला, मी गॅस कटरवाल्याला घेऊन येतेय. त्याआधी किल्ली दिलीत तर तुमचं कुलूप वाचेल.

सरिता


आष्टी
२१ फेब्रुवारी २०२५

सरिता,

आण कटरवाल्याला. पण आधी हे वाच आणि मग तुझ्या हातानं काप.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, मी चहा घेऊन शेतात गेले. ते बगिच्यात नव्हते. विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसले होते. चपला बाजूला नीट जोडून ठेवल्या होत्या. चपलांवर घड्याळ, घड्याळाशेजारी मोबाईल आणि गोळ्यांची नाही, ते सुपारीची डबी ठेवतात ना, ती. खिसे रिकामे करून बसलेला माणूस मी उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिला. विहिरीत दोन पुरुष पाणी होतं. ओरडले तर दचकून पडतील, असं वाटलं. मी तिथूनच, काही झालंच नाही अशा आवाजात, त्यांना नावानं हाक मारली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तोपर्यंत कधी नाव घेतलं नव्हतं.

त्यांनी मागे पाहिलं. घड्याळ बांधलं, चपला घातल्या आणि विचारलं, "चाय आणली काय व?"

बस. एवढंच. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी वेल्डर बोलावला. वासराची गोष्ट मीच रचली, कारण खरं सांगितलं असतं तर आधी गावानं त्यांना वेडा ठरवलं असतं आणि मग मयुरीच्या लग्नाच्या वेळी दहा माणसांनी ते उकरून काढलं असतं. तुला सांगितलं नाही, कारण तू सगळ्या गोष्टी मैदानावर बोलतेस.

आळी खणायला का लावलं, ते आता ऐक. घामासाठी नाही. मी पुढच्या झाडापाशी निंदत होते आणि ते मागच्या झाडापाशी खणत होते. दिवसभर डोळ्यांसमोर राहायचे. घरात बसले असते तर मी भाजी चिरत असताना कुठे उठून गेले, मला कळलं नसतं. तू मला सालगडी लावणारी म्हणालीस. मी पाच महिने राखण करतेय, सरिता. अंघोळीला गेले तरी दार लोटून ठेवते, आवाज यावा म्हणून.

आणि आजाचं म्हणशील, तर त्यानं विहीर खणली ती घर जगावं म्हणून. मी तिच्यावर कुलूप लावलं तेही त्याचसाठी. तो मला घराबाहेर काढणारा असता, तर मी त्यालाच विचारलं असतं की मग नातू राखायला तू का थांबला नाहीस.

किल्ली माझ्याजवळ आहे. ये घ्यायला.

सुलोचना


सिंदी मेघे
२५ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

कटरवाल्याला नको म्हणून सांगितलंय. तुमचं पत्र शाळेत वाचलं आणि पुढचे दोन तास मी घेऊ शकले नाही. वासराच्या गोष्टीवरून जे बोलले ते मागे घेते. तेवढंच मागे घेते.

बाकीचं आता तुम्ही ऐका. तुम्ही हे पोळ्यानंतर लगेच पाहिलं. डिसेंबरात तुम्ही त्याला माझ्याकडे पाठवलंत. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, गॅलरीला कमरेएवढा कठडा आहे. मी सकाळी सातला शाळेत जायचे आणि दादा दुपारपर्यंत तिथे एकटा असायचा. तुम्ही मला एक शब्द सांगितला नाहीत! डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर विचारलं होतं की जिवाचं काही बरंवाईट करायचं बोलले का कधी? तुम्ही म्हणालात, नाही बाई, तसं काही नाही. मी तिथेच बसले होते. लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही डॉक्टरला खोटं सांगितलंत. कुलूप विहिरीला लावलंत, पण गावात अजून चाळीस विहिरी आहेत, रेल्वे आहे, फवारणीची औषधं तर घरातच आहेत. कशाकशाला कुलूप लावणार होतात?

मी आज डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दादाला शुक्रवारीच आणायला सांगितलंय. औषधं बदलावी लागतील, असंही म्हणाल्या. फवारणीची औषधं आजच बंडूजींकडे ठेवून द्या. आणि त्यांनी मला विचारलं की त्या दिवशी विहिरीवर काय चाललं होतं, हे खुद्द दादाला कुणी विचारलं का? मला लाज वाटली. तुम्ही पाच महिने राखण केलीत, मी बारा दिवस शिट्टी वाजवली. विचारलं कुणीच नाही.

शुक्रवारी सकाळच्या बसनं या. मी स्टँडवर असेन. आपण बोललो नाही तरी चालेल.

सरिता


आष्टी
३ मार्च २०२५

प्रिय सरिता,

जयभीम. डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितोय. सुलोचना वाचणारच आहे, तेव्हा दोघींना मिळून लिहितो.

तुम्ही दोघींनी विचारलं नव्हतं, त्यांनी विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. त्या दिवशी मी विहिरीवर कशासाठी गेलो, ते मला नक्की माहीत नाही. पोहायची इच्छा होते का, ते बघत बसलो होतो. नाही झाली. मग मरायची होते का तेही बघितलं. तीही झाली नाही. तेवढ्यात सुलोचनानं हाक मारली. मग चपला घातल्या.

जाळी बसवली तेव्हा बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. तुझ्या मैदानावर पळालो तेव्हाही तसंच. आळी खणताना तसंच. मला कशाचंच काही वाटत नाही, हे लोकांना दुःख वाटतं. दुःख असतं तर मी रडलो असतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोहाल का? मी म्हटलं, आवडेल की नाही सांगता येत नाही. त्या म्हणाल्या की आवडायची वाट बघू नका. आधी करा, आवड मागून आली तर येईल, दोन महिने तरी करून बघा. एकट्यानं नाही उतरायचं. काठावर दोघं हवेत, त्यांतल्या एकाला पोहता आलं पाहिजे. सुलोचना हो म्हणाली. म्हणजे मान हलवली.

तुम्ही भांडू नका असं लिहिणार होतो. पण बंडूजी पत्र आणतात ते ती भिंतीतल्या देवळीत ठेवते आणि मी वाचतो. बरं वाटतं असं नाही, पण वाचतो.

तुझा दादा
बाबाराव


सिंदी मेघे
७ एप्रिल २०२५

वहिनी,

जाळीचं झाकण उघडून, पंपाची वीज बंद करून दादाला विहिरीत उतरवायला लागून पाच रविवार झाले. दर वेळी तोंडावर बोलायचं टाळलं, कारण दादा पाण्यात असताना काठावर तमाशा नको. पण आता लिहिते.

मधल्या दिवसांत तो बंडूजींसोबत चालायला जातो, गोळ्या घेतो, झोप थोडी सुधारली, हे सगळं चांगलं आहे. पण पोहताना तुम्ही त्याच्या कमरेला दोर बांधता आणि दुसरं टोक मुठीत धरून कठड्यावर बसता. मी शेजारी पाण्यात असताना! तो दहा हात पुढे गेला की तुम्ही दोर ताणता. त्याचा चेहरा तुम्हाला वरून दिसत नाही, मला दिसतो. दोर ताणला की तो हात मारणं थांबवतो आणि नुसता तरंगत राहतो. तुम्ही त्याला पोहू देत नाही, बांधून भिजवता. असं म्हशीलाही कुणी धूत नाही.

भीती मला समजते, आता तरी मी ती समजत नाही असं म्हणू नका. पण माझ्या भावाला पाण्याखाली जायचं असतं, ते त्याचं खरं पोहणं आहे आणि तुमच्या दोरानं ते होत नाही. दोर सोडा.

येत्या रविवारी मी येऊ शकत नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझ्या शाळेच्या मुलींचं लेझीम आहे, तालीम आहे. शेजारच्या बगिच्यातल्या प्रेमदासला मी सांगितलंय, तो चांगला पोहतो. माझ्याऐवजी तो येईल. मी नाही म्हणून सुट्टी देऊ नका.

सरिता


आष्टी
१७ एप्रिल २०२५

सरिता,

तुझी अक्कल ऐकून रविवारी दोन मढी निघायची होती. नीट बसून वाच.

प्रेमदास आला होता. अर्धा तास सगळं ठीक चाललं. मग त्याच्या बगिच्यात कुणाची तरी जनावरं शिरली, लोक ओरडायला लागले. तो म्हणाला पाच मिनिटांत येतो आणि पळाला. मी ह्यांना वर यायला सांगितलं. हे पायरीवर आले आणि म्हणाले, दोर सोड, पायात गुंततो. तुझं पत्र डोक्यात होतं. बांधून भिजवता, म्हशीलाही कुणी असं धूत नाही. तीन दिवस ते वाक्य मला टोचत होतं. म्हणून सोडला. माझ्याच हातानं गाठ सोडली. आणि ह्यांनी प्रेमदासची वाट न बघता पाण्यात बुडी मारली.

वर येईनात. मी आकडे मोजायला लागले, तू लिहिलं होतंस तसे. वीस झाले, तीस झाले. बुडबुडे थांबले. चाळीसला माझ्या डोळ्यांसमोर त्या चपला आल्या. पुढचं मला आठवत नाही. नेसल्या लुगड्यानिशी मी उडी मारली होती.

मला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहे. ते मलाही माहीत होतं.

नाकातोंडात पाणी गेलं, लुगडं पायात गुंडाळलं, आणि मग कुणीतरी केसांना धरून वर ओढलं. पायरीवर आपटलं अक्षरशः. हे होते. एका हातात माझे केस आणि दुसऱ्या मुठीत गाळ. तळाचा गाळ आणायला गेले होते गं! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तो गाळही सोडला नव्हता.

आणि मग ओरडले. तू कधी त्यांना ओरडताना ऐकलंस? मी नव्हतं ऐकलं. दोन वर्षांत नाही, त्याआधीही नाही. "तुले पोहता येते काय? मंग काऊन मारली उडी? मरून गेली असती म्हणजे मी काय केलं असतं?" हेच पुन्हा पुन्हा. मी काय केलं असतं, मी काय केलं असतं. प्रेमदास धावत आला तर त्यालाही शिव्या दिल्या. घरी येईपर्यंत रस्त्यानं ओरडत होते, लोक दारात येऊन बघत होते, आणि मी ओल्या लुगड्यात मागून चालत होते. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

घरी येऊन स्वयंपाक केला. डोकं विहिरीपाशीच होतं, वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं असणार. चव कळण्यासारखी माझी अवस्था नव्हती. हे जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "भाजी खारट झाली व."

मी तिथंच चुलीपाशी बसून राहिले. सरिता, दोन वर्षांत मी ह्या माणसाला करपलेलं वाढलं, अळणी वाढलं, एकदा तर चुकून साखरेऐवजी मीठ घातलेला चहा दिला, तोही ते पिऊन गेले. जिभेवर काय पडतंय, ते त्यांना कळतच नव्हतं. त्या दिवशी कळलं.

बरे झाले असं मी म्हणत नाही, तूही गावभर सांगू नकोस. चौदा तारखेला मिरवणुकीला गेले नाहीत, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पंचशील घेतलं तेही पडल्या पडल्या. डॉक्टरीणबाईंना मी स्वतः फोन केला, उडीसकट सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या मला खूप बोलल्या. असे दिवस अजून येतील, औषध आणि पोहणं दोन्ही सोडू नका, आणि प्रेमदास गेला की पाण्याबाहेर म्हणजे बाहेर, असं त्यांनी बजावलं. काल हे म्हणाले की आधी मला पोहायला शिकवणार, मगच मी काठावर बसायचं. आजाचा कायदा सुनांनाही लागू होता म्हणे, मी तेवीस वर्षं चुकवला. बघू.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. दोराचं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. रविवारी येशील तेव्हा तोंडावर चार गोष्टी सुनावणार आहे, तयारीनं ये. नंबर मात्र आज चालू केलाय, कारण पुढची एक गोष्ट मला पत्रानं उशिरा पोचवायची नव्हती, पण फोन लावला आणि तू वर्गात होतीस, उचलला नाहीस.

मंगळवारी दुपारी मला राहवेना. रविवारचं ते चुकून बोलले, की खरंच चव लागली, हे मनातून जाईना. म्हणून मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घातलं. वाढलं आणि दाराआड उभी राहिले. ह्यांनी घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ताट सरकवलं. "आजबी खारट! ध्यान कुठं राह्यते तुह्यं?"

लग्न झालं तेव्हा नाही, मयुरी झाली तेव्हाही नाही, इतकी मी कधी सुखावले नव्हते.

सुलोचना